वेशीतलं बोलणं

आमची शाळा उर्दूत. कळमनुरीवर तेव्हा निजामाचं राज्य, म्हणून घरी मराठी आणि वर्गात उर्दू. शेवटच्या वर्षी पुस्तकात एका जुन्या विलायती शोकनाटकाचे पहिले दोन प्रवेश होते, उर्दूत उतरवलेले. भाषा अशी अवजड की बस्स! मास्तर एकेक शब्द फोडून सांगायचे आणि आम्ही मूग गिळून बसायचो. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

पहिल्या प्रवेशात एक सरदार लढाईला निघतो. बायको त्याला वेशीपर्यंत पोचवायला येते. रडत नाही, जाऊ नका म्हणत नाही. म्हणते, घोड्याचा नाल ढिला झालाय, घोंगडी खोगिराखाली ठेवलीय, वाटेत गार पाणी पिऊ नका. मास्तरांनी विचारलं, नवरा मरणाच्या तोंडी चाललाय आणि ही घोंगडीचं काय बोलत बसलीय? उद्या सांगा.

घरी माझी थोरली बहीण होती. दाजी निजामाविरुद्धच्या चळवळीत. पोलीस पकडायला येणार अशी कुणकुण लागली तसे ते फाल्गुनात डोंगरकडा या आपल्या गावाहून निघून हद्दीपलीकडं वऱ्हाडातल्या छावणीत गेले, आणि अक्का आमच्याकडं आली. आता आषाढ लागला होता. ना चिठ्ठी, ना सांगावा. ती डाळ निवडत होती आणि मी धडा मराठी करून मोठ्यानं वाचत होतो. हिला काय कळणार, असं मनात होतंच. मी म्हणजे तेव्हा दीडशहाणा!

घोंगडीपाशी तिचा हात थांबला.

"मास्तर काय पुसून राहिला? काहून बोलती म्हून? अरे येड्या, रडलं की जानाऱ्याचा पाय अडतो. म्हून बाई मीठभाकरीचं बोलती. तुझे दाजी निघाले तवा मी काय म्हनले ठावं हाय? फडक्यात ठेचा बांधलाय, भिजू देऊ नका. दुसरं काई तोंडातून निघालंच न्हाई रे."

मी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच सांगितलं. मास्तर खुर्चीतून उठले. "शाबास! कुणी सांगितलं?" मी म्हणालो, माझं मीच शोधलं. तेव्हा लाज वाटली नाही, आता वाटते. मग मास्तरांनी नाटकाचा शेवट सांगितला. सरदार काही परत येत नाही. अशा नाटकात पहिल्याच प्रवेशात वेशीबाहेर पडला तो गेलाच, म्हणाले.

घरी अक्का वाटच बघत होती. "पुढं काय व्हतं? येतो का तो?"

"पुस्तकात दोनच प्रवेश हायेत."

"मास्तरला ठावं असंल की."

"येतो," मी म्हणालो. "घोड्यावर बसून येतो. चांगला धडधाकट."

अक्का हसली. आमच्याकडं आल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली. मग रोज तोच प्रवेश वाचायला लावायची आणि रोज शेवट विचारायची. मीही रोज त्याला परत आणायचो. कधी हाताला जखम, कधी संगट लुटीचे उंट.

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. गावात गुलाल उधळला, साखर वाटली. छावणीतली माणसं आपापल्या घरी परतू लागली. आमच्या दारात दाजींचा सोबती आला, एकटाच. ते ज्येष्ठातच तापानं गेले, म्हणाला. म्हणजे मी सरदाराला रोज घोड्यावर बसवत होतो तेव्हा दाजी नव्हतेच. ठेच्याचं फडकं त्यानं धुऊन, घडी घालून आणलं होतं.

अक्कानं ते मांडीवर घेतलं. सोबत्याला पाणी दिलं. तो उठला तेव्हा म्हणाली, "ऊन लई हाय, भाऊ. डोक्याला काई बांधा."

तो गेला आणि मला हुंदका आवरेना. अक्कानं माझ्याकडं बघितलं.

"तुझ्या पुस्तकातला आला व्हता नं रे?"

"व्हय, अक्का."

"मंग बरं. तिचा तरी आला."