मोरचुदातलं पाणी

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की रडू येण्याआधी मला मोरचूद आठवतो, आणि हसू येतं.

भोपाळच्या कारखान्यात बाबा भट्टीवर इंजिनियर होते. लाल झाल्याशिवाय एखादी वस्तू तापली असं त्यांना वाटतच नसे. टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये पापडही काळे पडेपर्यंत भाजले जात. बी.एस्सी.ला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तापवून त्याच्या खड्यांतलं पाणी मोजायचा प्रयोग आला, तेव्हा मी मॅडमच्या सूचनांपेक्षा बाबांचा सल्ला मानला: आच मोठी ठेव, कसर सोडू नकोस.

निळे खडे पांढरे झाले. म्हणजे पाणी गेलं होतं, तिथेच थांबायचं होतं. पण वजन अजून घटत होतं, म्हणून मी तापवत राहिले. शेवटी मोरचूदच जळून मुशीत काळी पूड उरली. मॅडमनी वाकून पाहिलं.

"बेटा, पानी निकालना था, जान नहीं."

वर्ग हसला. परीक्षेत हाच प्रयोग येणार होता, आणि त्यात नापास म्हणजे वर्ष वाया.

बाबांनी आपली चूक कबूल केली नाही. मात्र परीक्षेआधीच्या रविवारी ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि शिरा आज आम्ही करणार असं आईला सांगितलं. रवा मंद आचेवर भाजायचा, माझ्या हाताला सवय होईपर्यंत. हात सारखा गॅसच्या बटणाकडे जाई तो बाबांचा.

"अहो, ती भट्टी नाही," आई म्हणाली.

"वेळ लागतोय."

"लागू दे की. परीक्षा तिची आहे."

शिरा जेवणं उरकल्यावर तयार झाला, पण करपला नाही.

परीक्षेच्या दिवशी बाबा रजा टाकून कॉलेजच्या फाटकाशी स्कूटरवर बसून राहिले. आत मी ज्योत लहान ठेवली आणि वाट पाहिली. पांढरी पूड झाकून गार केली, वजन केलं, पुन्हा तापवून पुन्हा केलं. आकडा हलला नाही. गणित मांडलं, तर मोरचुदाच्या एका रेणूमागे पाण्याचे पाच रेणू आले.

"पाच आले," बाहेर येऊन मी म्हटलं.

बाबांनी विचारलं, "किती यायला हवे होते?"

"पाचच."

त्यांनी किक मारली. जवाहर चौकात गरम जिलेबी बांधून घेतली आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक ओळखीच्या माणसापाशी स्कूटर थांबवून सांगितलं, मुलीचे पाच आले. कशाचे, ते कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी मनापासून अभिनंदन केलं. घरी पोचेपर्यंत जिलेबी पार गार झाली होती.