घरचे सांगतात

कुठलीही वस्तू हातात आली की अक्का आधी तिची पाठ बघायच्या. समई असो, भिंतीवरचं घड्याळ असो, पानाचा डबा असो, आणणारा माणूस पुढून कौतुक करत असायचा आणि अक्का ती उलटी करून टेबलावर ठेवून तिच्यावरून बोटं फिरवत बसायच्या. एकदा लिलावघराच्या मालकांच्या, म्हणजे शेटच्या, व्याह्यांनी मोठ्या हौसेनं शिसवी चौकटीतला आरसा आणला. अक्कांनी त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि अर्धा तास पाठीमागची फळी न्याहाळली. व्याही दोन दिवस धुसफुसत होते.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सुताच्या एका जुन्या गोदामात आमचं लिलावघर होतं. महिन्यातून एकदा, रविवारी, लोकांच्या घरातल्या जुन्या वस्तू तिथे लिलावाला निघत. त्याआधी प्रत्येक वस्तूचं चार ओळींचं वर्णन लिहून यादी छापावी लागे. अक्का वर्णन सांगायच्या आणि मी ते टाइप करायचे. मी जुळे सोलापूर या नव्या वस्तीतून स्कूटीवर यायचे. खरं सांगायचं तर जुन्या वस्तूंचं मला काहीच अप्रूप नव्हतं. आजोबा गाव सोडून शहरात आले तेव्हा त्यांच्याजवळ एक तसबीर आणि पुस्तकांची एक पेटी होती. त्यापलीकडे आमच्या घरात जुनं म्हणावं असं काही नव्हतंच.

अक्का तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या. जन्म गेला तो चादरी आणि भिंतीवरची विणलेली चित्रं करणाऱ्या कारखान्यात. चित्रांना सोलापुरात सगळे वॉल हँगिंगच म्हणतात. अक्का तिथे तपासणीच्या टेबलावर होत्या. माल उलटा पसरायचा, पाठीमागची गाठ, सुटलेला धागा हेरायचा आणि दोष असला की काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायची. गाठ पडली की माल सेकंडचा, कमी भावात जायचा. कारखाना बंद पडल्यावर शेटनी त्यांना वस्तू पुसायला ठेवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका 'अखंड' सागवानी पेटीचा लपवलेला जोड शोधून दाखवला. तेव्हापासून पुसणं सुटलं आणि वर्णन हाती आलं.

त्यांचा पहिला नियम, आधी दोष लिही. "चांगलं काय ते घेणाऱ्याला दिसतंय की. वाईट तेवढं आपण सांगायचं." टेबलावर वस्तू जिथे ठेवलेली असे, तिथे दोषाच्या खाली त्या खडूनं एक लहानसं वर्तुळ काढायच्या. शेटना हे मुळीच पटायचं नाही. त्यांना प्रत्येक ओळीत 'दुर्मीळ' हा शब्द हवा असे. एका कंदिलापुढे त्यांनी तो स्वतःच्या हातानं घुसडला, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "शेट, असले तीन माझ्या माळ्यावर हायत. आणू का?" यादीतून तो शब्द कायमचा गेला.

दुसरा नियम, जे हातानं, डोळ्यांनी कळत नाही ते 'घरचे सांगतात' असं म्हणूनच लिहायचं. "पानाचा डबा, पितळी. झाकणाचा एक कान तुटका. घरचे सांगतात, आजीबाई यात पान ठेवत नसत, मुलांची पत्रं ठेवत." अशी वर्णनं टाइप करताना माझी बोटं हळू चालायची. त्या आजीबाई मला दिसायला लागायच्या. अक्का म्हणायच्या, "घरच्यांचं खरं असंल, खोटं असंल. पण त्यांच्या तोंडचं आपण आपलं म्हणून सांगायचं न्हाय."

तिसरा नियम मला चांगलाच झोंबला. एकदा फणी-करंड्याची एक पेटी आली. आत आरसा आणि आरशाच्या कोपऱ्यात कुणाची तरी वाळलेली टिकली. मला ती इतकी आवडली की मी म्हटलं, "अक्का, रविवारी मी हिच्यासाठी हात वर करणार." त्यांनी चष्मा काढला. "लिहिणाऱ्यानं हात वर करायचा न्हाय. उद्या तू स्वस्तात मिळावं म्हणून कमी लिहिशील. मुद्दाम न्हाय लिहिणार, पण लिहिशील." मी चार दिवस गाल फुगवून होते. पेटी अक्कलकोटच्या एका बाईंनी नेली.

दुपारी शेट जेवायला घरी गेले की गोदाम वेगळंच व्हायचं. पत्र्याला पडलेल्या खिळ्यांच्या भोकांतून उन्हाचे लहान लहान ठिपके खाली उतरायचे आणि फरशीवरून सरकत राहायचे. पलीकडच्या गल्लीतले माग खडखडत असायचे, पण इतके सारखे की थोड्या वेळानं ऐकूच येत नसत. आमटीत कुस्करलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊन अक्का डोळे मिटून बसायच्या, मांडीवर एखादी वस्तू असायची. ऊन सरकत त्या वस्तूवर आलं की डोळे उघडायच्या. "घाई करू नगं. तिला बोलायला वेळ दे." माझ्याशी कुठलीच वस्तू कधी काही बोलली नाही, पण त्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात.

अशाच एका दुपारी वेळापूरचा एक शेतकरी गठुडं घेऊन आला. आई वारली होती, घराची वाटणी झाली होती, भिंतीवरचं एक चित्र विकायचं होतं. अक्कांनी सवयीनं ते टेबलावर पालथं पसरलं. मागे एका जागी रंगीत धाग्यांचा गुंता लोंबत होता. त्यांचं बोट तिथून काठाकडे गेलं आणि थांबलं. काठाला विटलेल्या लाल दोऱ्याची गाठ होती. तीन वेढे घालून मारलेली.

"सेकंडचं हाय ते, ठावं हाय मला," तो माणूस ओशाळून म्हणाला. "पण आईनं पिल्लासाठी घेतलं. पिल्लू लई गोड हाय म्हणायची."

"कुठलं पिल्लू?" अक्कांनी विचारलं.

"ते काय, मोराच्या पायापाशी. सरळ करून बघा की."

अक्कांनी चित्र सरळ केलं. पिसारा मिटून उभा असलेला निळा मोर आणि त्याच्या डाव्या पायाशी, बोटभर उंचीचं, पिवळट रंगाचं पिल्लू. अक्कांनी पिल्लावर बोट ठेवलं, ते उचललंच नाही. त्या माणसाला पावती मीच लिहून दिली.

तो गेल्यावर त्या खाली बसल्या. "गाठ माझी हाय," त्या म्हणाल्या. "आणि माग आमच्या ह्यांचा."

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं कळलं. त्यांचे यजमान त्याच कारखान्यात चित्रांच्या मागावर होते, तिथला सगळ्यात चांगला हात. एके दिवशी त्यांचंच चित्र अक्कांच्या टेबलावर आलं. पाठीमागे गुंता दिसला. नवरा म्हणून सोडलं असं कुणी म्हणू नये, म्हणून अक्कांनी लगेच गाठ मारली. चित्र सेकंडमध्ये गेलं आणि यजमान चित्रांच्या मागावरून टॉवेलच्या मागावर. मरेपर्यंत त्यांनी टॉवेलच विणले.

"नक्षीत पिल्लू नव्हतंच. बोटांनी धागे घालून काढलंय त्यांनी. मला दिवस गेलेत हे सांगून आठच दिवस झाले होते." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "पिल्लू लांडोरीमागं असतंय, पोरी. मोराजवळ कधी नसतं. यांनी मोराजवळ घातलं. मी सरळ करून बघितलं न्हाय, आणि त्यांनी कधी सांगितलं न्हाय."

त्यांच्या गळ्यात पडून रडावं असं मला वाटलं. पण अक्कांच्या गळ्यात कुणी पडत नसे.

शेट मनानं वाईट नव्हते. आतलं काही माहीत नसलं, तरी अक्कांचा जीव त्या चित्रात अडकलाय हे त्यांनी ओळखलं. ते म्हणाले, "अक्का, तुम्हीच घ्या की. मी बोलतो त्या माणसाशी." अक्कांनी नाही म्हणून मान हलवली. यादीला आलेली वस्तू यादीतूनच जाणार. पण शेट वळल्यावर त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला आणि खाली बघत म्हणाल्या, "ह्याचं तू लिही. मी लिहिलं तर मला हात वर करता येणार न्हाय."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. मी मनापासून लिहिलं आणि मनापासून लबाडी केली. "विणलेले चित्र, मोर. सेकंडचा माल. मागे धागे सुटलेले. निळा रंग उतरलेला." एकही शब्द खोटा नव्हता. असलं वर्णन वाचून रविवारी कुणी मान वर करून बघितलं नसतं आणि अक्का चित्र काखेत मारून घरी गेल्या असत्या.

त्यांनी कागद वाचला. "पिल्लू कुठाय?"

"यादीत जागा कमी होती," मी म्हटलं.

त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. रागानं नाही. "एकदा मी झाकलं त्यांचं काम. आता परत झाकू होय?"

"पण अक्का, मग तुम्हाला..."

"टाइप कर."

त्यांनी डोळे मिटले आणि सांगितलं. मला ते अजून पाठ आहे. "हातमागावर विणलेले चित्र. दोष: मोराच्या डाव्या पायाशी मूळ नक्षीत नसलेले एक पिल्लू आहे. मागे त्याचे धागे मोकळे लोंबतात. काठाला लाल गाठ आहे, ती तपासणाऱ्या बाईने मारली. तिने चित्र सरळ करून पाहिले नव्हते. विणणाऱ्याचा हात फार चांगला. मोराची मान समोर आहे, पण डोळा पिल्लाकडे आहे. घरचे सांगतात, त्या आठवड्यात आपण बाप होणार असल्याचे विणणाऱ्याला कळले होते."

शेटनी यादी तपासताना विचारलं, "वेळापूरवाल्यांना हे कसं माहीत?" मी म्हटलं, "घरच्यांनीच सांगितलंय." अक्का खडू शोधण्याच्या निमित्तानं टेबलाखाली वाकल्या होत्या.

रविवारी त्या मागच्या रांगेत बसल्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून. चित्र उचलून धरताच पाच-सहा हात वर गेले. प्रत्येकाच्या हातात यादी होती आणि यादी त्याच पानावर उघडलेली. अक्का तोंडातल्या तोंडात तेलुगूत मोजत होत्या, ओकटी, रेंडू, मूडू. शेवटी जुळे सोलापुरात नवा दवाखाना काढलेल्या एका तरुण दाताच्या डॉक्टरनं चित्र घेतलं. जाताना त्यानं विचारलं, वर्णनाचा कागदही चौकटीत लावला तर चालेल का? अक्का म्हणाल्या, "लावा की. फक्त ती लाल गाठ कापू नका."

मी डॉक्टरला जाऊन सगळं सांगणार होते. अक्कांनी हात धरला. "वाचून घेतलंय त्यानं. आता त्याचं." आणि मग हळूच म्हणाल्या, "रेणुकालाबी सांगू नगं." रेणुका म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, लग्न होऊन भिवंडीला गेलेली. "आईनं बापाचं काम घालवलं, हे तिच्या कानी कशाला?" मी हो म्हटलं.

त्यानंतर अक्कांनी यादी सोडली. खडू माझ्या हातात आला. काही महिन्यांनी मी अक्कलदाढ दाखवायला त्या दवाखान्यात गेले, तर समोर भिंतीवर मोर आणि मोरासमोरच्या खुर्चीत अक्का. हातात नंबराची चिठ्ठी.

"अक्का, दात दुखतात का?"

"दात हायत कुठं?"

त्या दर मंगळवारी शुक्रवार पेठेतून रिक्षा करून येत. चिठ्ठी घेत, बसत, बघत. काउंटरवरच्या मुलीनं नंबर पुकारला की म्हणत, "पुढच्याला सोडा, अम्मा." तेलुगू घरांत लहान पोरीलाही मायेनं अम्मा म्हणतात. त्या मुलीला आणि डॉक्टरला आता सवय झाली होती. वेड्या म्हातारीला एक खुर्ची दिली तर कुणाचं काय जातं, असं त्यांना वाटत असावं. अक्का मात्र तिथे बसल्या की गोदामात पत्र्याखाली दुपारी बसल्यासारख्या दिसायच्या. मी दोन-चार मंगळवार त्यांच्या शेजारी नुसती जाऊन बसले.

गेल्या थंडीत अक्का गेल्या. पंधरा दिवसांनी रेणुकाताई लिलावघरात आल्या. रुमालात बांधलेला एक डबा त्यांनी माझ्यासमोर ठेवला. आत खडूचा तुकडा आणि लाल दोऱ्याचं रीळ. "आईनं तुम्हाला द्यायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "एक विचारू का? शेजारच्या बायका म्हणतात, आई दर मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे जायची. तिला दात तरी कुठे होते हो?"

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. दिलेला शब्द आठवला. तो मोडल्याबद्दल अक्का मला काय म्हणाल्या असत्या, ते मला आजही कळत नाही. मी स्कूटीची किल्ली घेतली.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं दोघींनाही चिठ्ठ्या दिल्या. मी रेणुकाताईंना त्या खुर्चीत बसवलं आणि शिकवल्याप्रमाणे आधी दोष सांगितला. हे चित्र तुमच्या बाबांनी विणलं, तुमच्या आईनं ते न बघता सेकंडमध्ये टाकलं आणि बाबांचं चित्रांचं काम गेलं. त्यांचा चेहरा कठीण झाला. मग मी चौकटीतल्या कागदाकडे बोट दाखवलं. त्या उठून जवळ गेल्या आणि हळू आवाजात एकेक ओळ वाचू लागल्या. शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"घरचे सांगतात, म्हणजे कोण?"

"आई," मी म्हटलं.

त्या परत येऊन खुर्चीत बसल्या. पिल्लाकडे बघत राहिल्या, मग मोराच्या डोळ्याकडे, मग परत पिल्लाकडे. गाल ओले झाले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. दुपार झाली होती, खिडकीतलं ऊन सरकत चित्राच्या खालच्या काठापर्यंत आलं होतं.

काउंटरवरच्या मुलीनं त्यांचा नंबर पुकारला. त्यांनी मान वळवली नाही.

"पुढच्याला सोडा, अम्मा," रेणुकाताई म्हणाल्या.