डेलमारचा हलका चाप

वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या खोऱ्यात हरणांच्या शिकारीचा मोसम जवळ आला, की लोक रायफली घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या ऑर्विल हॅस्केटच्या गॅरेजात यायचे. टपालाने सुट्या भागांचं पाकीट मागवायचं आणि चाप, घोडा, स्प्रिंगा जेवणाच्या टेबलावर स्वतःच बसवायच्या, ही तिथली जुनी खोड. ऑर्विल ते भाग भिंगाखाली धरून तोंड वाकडं करायचा. "नुसता वरचा मुलामा. आतलं पोलाद मऊ."

त्याचा धाकटा भाऊ डेलमार मात्र अशी पाकिटं त्याला कधी दाखवायचा नाही. डेलमार गेला तो गेल्या मोसमात, शिकारीत. कुंपणापाशी सापडला, स्वतःच्याच रायफलीची गोळी हनुवटीखाली. कामावरून नुकतंच काढलं होतं, त्यामुळे त्यानेच जीव दिला, असं चर्चमध्ये सगळे दबक्या आवाजात बोलले. त्या रायफलीला कुणी हात लावला नाही.

आज डेलमारची बायको लोरेना ती घेऊन आली.

"भावजी, आमच्या जूनीला शिकारीला जायचंय. बापाचीच हवी म्हणते. तपासून द्या."

"दुसरी घेऊन देतो मी तिला."

"मला टाळू नका. तो आपणहून गेला का, एवढंच रोज पहाटे माझ्या मनात येतं."

ऑर्विलने रायफल रिकामी असल्याची खात्री केली, वरचा भाग काढला, गोळीवर आदळणारा घोडा मागे चढवला आणि सुरक्षेची खिटी लावली. चापावर बोट ठेवलं नाही. घोड्यासमोर चामड्याची घडी धरली आणि दस्त्यावर रबरी हातोडा हलकेच मारला.

घोडा चामड्यावर आदळला.

त्याने भिंग घेतलं. चापाची, घोडा अडवून धरणारी कड झिजून गोल झाली होती. मुलामा उडून आतलं मऊ पोलाद उघडं पडलं होतं; टपालाच्या पाकिटातलाच भाग.

गेल्या मोसमाआधी डेलमार इथेच उभा होता. "दादा, चाप बघ, वापरून वापरून लोण्यासारखा झालाय." ऑर्विलने रिकाम्या रायफलीचा चाप ओढून पाहिला होता आणि हसून म्हणाला होता, "नशीबवान आहेस." खोऱ्यात सगळेच असा चाप वाखाणायचे. मुलामा संपत आलाय, हे त्या बोटाला कळायला हवं होतं. ते बोट आता त्याला नकोसं झालं.

"रायफल कुंपणाला आपटली असेल," तो म्हणाला. "त्याने चाप ओढला नाही, लोरेना. हा चाप माझ्या हाताखालून गेला होता. मी चांगला म्हणालो."

मग तिने घोडा पुन्हा चढवायची खूण केली.

"परत मारा," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."