खिशातला कंगवा

दर शनिवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन इतवारीच्या धान्यबाजारात जायचो. मला छायाचित्र स्पर्धेसाठी एकच फोटो हवा होता: तूरडाळीची पोती लादलेला हातठेला वाकून ओढणारा तो माणूस. पण कॅमेरा दिसला की तो भर गल्लीत ठेला थांबवायचा, खिशातून कंगवा काढून भांग पाडायचा, गळ्याचं बटण लावायचा आणि राष्ट्रगीताला राहावं तसा ताठ उभा राहायचा. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवून हैराण. त्यांना तो शांतपणे सांगायचा, "फोटो काढून राहिले ना गा, दिसत नाही काय?"

शेवटी विजेच्या खांबाआड लपून मी तो फोटो मिळवलाच. मान खाली, पाठीची कमान, कानशिलावर घाम. स्पर्धेतलं बक्षीस मला दिसायलाच लागलं होतं. मोठ्या हौसेनं मी त्याला कॅमेऱ्यात फोटो दाखवला.

त्यानं तो पाहिला. मग म्हणाला, "दिवसभर वाकूनच राहतो, भाऊ. फोटोत तरी सरळ उभं राहू द्या मले."

तो फोटो मी स्पर्धेला पाठवला नाही. माझ्या भिंतीवरच्या फोटोत आता तो ताठ उभा आहे. मागचा टेम्पोवाला हॉर्न सोडून खिडकीतून डोकावतोय, आणि त्याच्याही हातात कंगवा आहे.