एकाच खोलीचे गृहप्रवेश

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. बायको म्हणते, रिटायर झालात, आता गोळी घ्या आणि गप्प बसा. मला बसवत नाही.

तेव्हा मी अंबरनाथ भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी वाचत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने एका जोडप्याला आत पाठवलं. बाई उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात शिलाईला, नवरा एमआयडीसीत. शहाडला भाड्याने राहून दोघांनी पालेगावात वन रूम किचन घेतलं होतं. बाईचं मंगळसूत्रही त्यातच गेलं होतं. पूजा झाली, दूध उतू घालून झालं. मग एजंट म्हणाला, "मीटर बसायचं बाकी आहे, चावी माझ्याकडे राहू दे. देव आतच असू द्या, घर रिकामं नको." पुढे काही दिवसांनी ही दोघं बघायला गेली, तर दाराला दुसऱ्याच कुणाचं तोरण.

"साहेब, माझ्या ओट्यावर दुसरीच बाई दूध तापवत होती हो!" ती रडत नव्हती, माझ्या टेबलावर मूठ आपटत होती.

मी माझ्या हवालदाराला चौकशीला पाठवलं. तो तिथल्याच गावठाणातला. समोरच्या चहावाल्याने त्याच्या कानात सांगितलं, "मामा, खोली एकच तयार हाय नं पूजा सारखी चालूच हाय." त्या धाग्यावरून आम्ही आणखी फसलेली कुटुंबं शोधली. सगळ्यांची कहाणी तीच, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकीसुद्धा तीच. फसवणुकीचा गुन्हा दाखल करून एजंटला उचललं.

माणूस चांगलाच मुरलेला. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, तोंडात "साहेब, साहेब."

"अहो साहेब, यांचं बुकिंग वरच्या मजल्याचं. ही खोली फक्त सॅम्पल म्हणून दाखवली."

"वरचा मजला कुठाय?"

"होईल ना साहेब. काम चालू आहे."

"आणि पूजा?"

"कसली पूजा? मी कुणाला पूजा करू दिली नाही. ये लोग झूठ बोल रहे हैं."

कागद त्याने असे केले होते की खोलीचा नंबर कुठे धड नव्हताच. दुपारपर्यंत तो कानावर हात ठेवून बसला. कोठडीची मुदत सरत होती आणि माझा पारा चढत होता. शेवटी मी सहज बोलावं तसं म्हणालो, "लोकांनी मांडलेल्या देवांच्या तसबिरी कचऱ्यात फेकल्यास ना रे?"

तो खुर्चीतून उठलाच. "नाही हो साहेब! देव कोण कचऱ्यात टाकतं? पाप लागेल!"

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. एजंटला आपण काय बोलून गेलो ते कळलं आणि देव कुठे ठेवलेत तेही त्याने सांगून टाकलं.

पंचांना आणि फसलेल्या कुटुंबांना घेऊन आम्ही पालेगाव गाठलं. त्यानेच पंपाची खोली उघडून दाखवली. आत फळीवर ओळीने तसबिरी, लाल कापडात नीट गुंडाळलेल्या, पुढे उदबत्तीची राख. दर पूजेनंतर उंबऱ्यावरचं हळदकुंकू पुसायचं, देव इथे आणायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलवायचं, हा त्याचा रिवाज. पंचनामा चालू असताना त्या बाईने आपली देवी ओळखली. काचेचा कोपरा तडकलेला, वर चिकटपट्टी. "ही माझ्या सासूबाईंची," म्हणाली आणि तिथेच ढसाढसा रडली. प्रत्येक घराने आपापला देव ओळखला. आता पूजा झालीच नाही म्हणायला त्याला तोंड राहिलं नाही.

"रोज उदबत्ती लावत होतो साहेब," तो मला सांगत होता, वर शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने. मी हात कसा आवरला ते माझं मला माहीत. नालायक! देवाची भीती होती, पण दिवसभर मशीनवर पाठ मोडून घेणाऱ्या बाईची नव्हती.

दोषारोपपत्र गेलं. त्याला जामीन झाला. इमारत बेकायदा निघाली, पाडली गेली. खटल्याला तारखा पडत राहिल्या आणि मी निवृत्त झालो.

पुढे एकदा बदलापूरला भाचीकडे गेलो होतो. रस्त्याकडेला मांडव, बोर्डावर "वन रूम किचन, आपल्या बजेटमध्ये". टेबलामागे एजंट दुसरा, पण शर्ट तसाच पांढरा. आणि समोर खुर्चीवर तीच बाई! माझी सटकलीच.

"अहो, अक्कल गहाण ठेवलीत का? एकदा हात पोळले ना?"

तिने मला ओळखलं. पदर सावरत शांतपणे म्हणाली, "पोळले ना साहेब. बँकेत गेले, पगाराची पावती मागतात, कारखान्यात पावती कोण देतं? टॉवरच्या गेटवर गेले, वॉचमन म्हणाला इथे टू बीएचकेपासून सुरू. हा निदान बसायला खुर्ची देतो."

चारी बाजूंना टॉवर उभे होते. तरणतलाव, क्लब हाऊस, झगमगाट. ती शिवते त्या जीन्स घालणाऱ्यांसाठी सगळं. तिच्या ऐपतीची एक सरळ, कायदेशीर खोली बांधायची लाज वाटते सगळ्यांना, आणि ती जागा असले भामटे भरून काढतात. एकाला आत टाकला की दुसरा मांडव घालतो. नोकरीभर मी भामटे पकडत राहिलो. त्यांना गिऱ्हाईक कोण पुरवतं, हे या एका केसने दाखवलं. त्या पुरवणाऱ्यांवर कलम लावायची सोय माझ्याकडे नव्हती.

"इथून उठा आधी," मी दरडावलं.

ती लगेच उठली. पिशवी काखोटीला मारली. "उठले साहेब. आता कुठे जाऊ तेवढं सांगा, आत्ता जाते."