चादरीचा कोपरा उलटणारी अक्का

पद्माक्का कुणाच्याही घरी गेली की बसण्याआधी पलंगावरच्या चादरीचा कोपरा उलटून बघायची. चादर अस्सल सोलापुरी असली तर चहा घ्यायची. नकली निघाली तरी घ्यायची, पण आधी घरच्यांची चांगली हजेरी घेऊन! यंत्रमागावर तीस वर्षं काढलेली ही आमची शेजारीण. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि दोन्हीकडं आवाज मागाच्या खडखडाटाला दाबणारा.

त्या खडखडाटानंच तिचे कान खाल्ले. "अजून वरीस-दोन वरीसच ऐकू येईल म्हनला डाक्टर," हे तिनं मला मेथी निवडता निवडता सांगितलं. "तवर त्या अक्कलकोटच्या गाणाऱ्या बाईचं भजन पोटभर ऐकून घेते." मी लगेच मोबाइलवरच्या गाण्यांच्या ॲपमध्ये ते शोधून दिलं. दर महिन्याला पैसे भरत होते, मिरवायला नको? मग रोज संध्याकाळी अक्का माझा फोन कानाला लावून पायरीवर बसायची.

एके दिवशी भजन ॲपमधून गायब झालं.

"कुनी नेलं?"

"कंपनीनं काढलं, अक्का."

"तू पैसे भरतीस, आन् तुला इचारलं बी न्हाई?"

चिडून मी कुठल्याशा साइटवरून ते फुकटात डाउनलोड केलं, पेन ड्राइव्हमध्ये भरलं आणि तिच्या हातावर ठेवलं. अक्कानं तो चादरीसारखा उलटून बघितला.

"त्या बाईनं दिलं का हे?"

"नाही. पण आवाज तिचाच आहे गं!"

"नकली चादर बी ऊब देतीच की. इणणाऱ्याचं काय?"

असा राग आला मला! हिचे कान चाललेत आणि हिला तत्त्वं सुचताहेत. तरी रविवारी मुकाट्यानं तिच्याबरोबर अक्कलकोटच्या एसटीत बसले. गाणाऱ्या बाई अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत होत्या. आपलं भजन ॲपवर कधी आलं आणि कधी गेलं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी ट्रंकेतून स्वतःची सीडी काढली. अक्कानं पैसे त्यांच्या हातात दिले आणि सीडी पदराखाली धरून घरी आणली. त्याच आठवड्यात मी ॲप बंद केलं. आता माझं एक कपाट सीडी-कॅसेटींनी भरलंय, सगळ्या विकत घेतलेल्या. कुणालाही ऐकायला नेता येतात, फक्त परत आणून द्यायच्या.

अक्का रोज माझ्याकडं येऊन तेच भजन लावायला सांगायची. दीड वर्षानं मुलगा तिला पुण्याला न्यायला आला. सामान बांधून झाल्यावरही ती आली आणि सीडी प्लेअरकडं बोट दाखवलं. तोवर तिला काहीच ऐकू येत नव्हतं. मी सीडी लावली.

"कुटवर आलं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

मी तीन बोटं दाखवली. तिसरं कडवं. तिनं मान डोलावली आणि तिथून पुढं मोठ्यांदा गायला लागली. सूर पार हुकला होता, शब्द एकही हुकला नाही. मला रडू आवरेना.

भजन संपल्यावर तिनं सीडी पदरानं पुसून माझ्या हातात दिली.

"तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणाली, "माझं पाठ झालंय."