पहिलं ताट

कुठलीही मुलगी भेटली की सुशीलामावशी तिला आधी उजेडाकडे तोंड करून उभी करत, अंगठ्याने खालची पापणी ओढून आत बघत आणि मगच नाव विचारत. २००४ साली मी अमेरिकेत मॉरिसव्हिलला पीएचडीसाठी आले, तेव्हा माझंही तेच झालं. मावशी शेजारच्या अपार्टमेंटमध्ये मुलाकडे राहायच्या.

"पांढरीफटक," त्या म्हणाल्या. "जेवतेस कधी?"

मी म्हटलं, रूममेट्सचं झालं की. वाशिमकडच्या आमच्या गावात लागलेली सवय. वर आमची अंगकाठीच बारीक, असंही सांगितलं. तीस वर्षं खेड्यापाड्यांत नर्स म्हणून पायपीट केलेल्या बाईला मी अंगकाठी शिकवत होते!

"अंगकाठी नाही, उपाशी आहेस," म्हणत त्यांनी समोर बसवून दोन भाकरी खायला लावल्या. मला भयंकर राग आला. आम्ही काय खायला महाग होतो? घरी दोन म्हशी होत्या. मग आठवलं, दूध बाबांना आणि दादाला. आई आणि आम्ही दोघी बहिणी शेवटी बसायचो, रिकाम्या कढईत भाकरी फिरवायचो.

त्याच सुमारास आईने फोनवर सांगितलं, धाकटी शोभा शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. पंधरा वर्षांची पोर. आई म्हणाली, वयच तसं असतं. मी हे मावशींना सांगितलं मात्र, त्या भारतात फोन लावायचं कॉलिंग कार्ड घेऊनच बसल्या.

आमची रविवारची सकाळ म्हणजे गावाकडची रात्रीच्या जेवणाची वेळ. ओळख ना पाळख, मावशींनी स्पीकर लावून थेट बाबांनाच फोनवर बोलावलं. उद्या मुलीचं रक्त तपासा आणि आत्ता आधी तिला वाढा, मी ऐकतेय, म्हणाल्या. बाबा भडकले. परक्या बाईने आमच्या घरात नाक खुपसू नये, म्हणाले. बाबांशी असं कुणी बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मावशींचा आवाज जराही चढला नाही. "घर तुमचंच आहे, भाऊ. पहिलं ताट तिचं. फोन ठेवलात तर पुन्हा लावीन."

बाबांनी ठेवला. मावशींनी पुन्हा लावला. असं चारदा झालं. पाचव्यांदा आईने उचलला आणि रिसीव्हर शोभाच्या ताटाशेजारी ठेवला. मग दर रविवारी हेच. तपासणीत रक्त फारच कमी निघालं, दवाखान्यातल्या लोहाच्या लाल गोळ्या सुरू झाल्या. मावशी विचारत, अंडं खाल्लंस का, दूध कोण प्यालं. बाबा सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. नाही तर नाही.

इकडेही तेच. दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, पुरुष आधी रांगेत, बायका वाढायला. मावशी ताट घेऊन थेट पुढे, मागे आम्ही चार पोरी. लेडीज नंतर घेतात ना, असं एक काका हसत म्हणाले. "तीस वर्षं मी त्या 'नंतर'चेच परिणाम बघत आलेय," म्हणून त्यांनी माझं ताट भरलं.

२००८च्या मार्चमध्ये मावशी झोपेतच गेल्या. रविवारी हे सांगायला मी घरी फोन लावला. त्या पहिल्या भांडणानंतर रविवारचा फोन बाबा कधीच उचलत नसत. त्या दिवशी नेमका त्यांनीच उचलला.

"जरा थांब," बाबा म्हणाले. "शोभी जेवतेय. तिचं होऊ दे. आम्ही अजून बसलो नाही."